'प्रभू येणारच आहे, मग कॉलेजची फी कशाला?'

पत्राचा सारांश: पत्र पिंपरी-चिंचवडच्या एका शिक्षिकेचं आहे. माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. नवरा कारखान्यात सुपरवायझर. लॉकडाउनमध्ये त्यांना भविष्यवाणीवरच्या व्हिडिओंचा नाद लागला, पुढे ते एका लहानशा प्रार्थना-गटात जाऊ लागले. आधी आधार कार्ड म्हणजे श्वापदाचा शिक्का (बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातली देवविरोधी सत्तेची खूण) होता, मग लस. ऑक्टोबर 2023 मध्ये इस्राएल-गाझाचं युद्ध पेटल्यापासून 'आता फार तर दोन-तीन वर्षं' हे घरात रोजचं झालं. एलआयसीचे हप्ते बंद केलेत. सासऱ्यांच्या वेळचा गावाकडचा प्लॉट विकून पैसे गटाच्या सेवाकार्याला द्यायचं घाटतंय. मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय, पण शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करायला ते तयार नाहीत. मुलगी क्लासवरून आली आणि घरात कोणी दिसलं नाही की, सगळे वर उचलले गेले आणि आपण मागे राहिलो असं वाटून, घाबरीघुबरी होऊन आईला फोन लावते: 'तू आहेस ना?' त्याच वेळी, बाई लिहितात, नवऱ्याची तंबाखू सुटली, घरात आवाज चढत नाही, पहाटे उठून प्रार्थना होते. '2021 मध्ये मोठे दीर कोविडने गेले, तेव्हापासून हे जास्त वाढलं,' असंही एक वाक्य आहे. त्या विचारतात: मीच अल्पविश्वासी आहे का? शास्त्राचा खरा अर्थ कोणता ते लिहून द्या, म्हणजे मी त्यांच्यापुढे ठेवते.

ताई, सलाम.

लिहून देते, पण त्यांच्यापुढे ठेवायला नाही, तुमच्यासाठी. तुम्ही एक वचन काढलंत की ते तीन काढणार. अशा गटांत माणसाची तयारी नेमकी याच वादासाठी करून घेतलेली असते. शिवाय त्यात तुम्ही हरलात तर मुलीची फी बुडाली आणि जिंकलात तर पहाटेची प्रार्थनाही बुडाली, असं व्हायला नको.

आधी अल्पविश्वासाचं बघू. तुम्ही दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून विश्वासांगीकार म्हणता. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल, हे तुम्ही लहानपणापासून म्हणत आला आहात. नाताळच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार त्याच्या येण्याची वाट पाहण्यासाठीच राखलेले आहेत. म्हणजे प्रभू येणार की नाही, यावर तुमच्या घरात मतभेद नाहीच. मतभेद आहे तो 'केव्हा हे आम्हाला कळलंय' या दाव्यावर. आणि त्या दाव्याबद्दल येशूचं बोलणं मत्तय 24 मध्ये अगदी रोखठोक आहे: तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. स्वर्गारोहणाच्या आधी शिष्यांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हाही त्याने सांगितलं की काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. जे पुत्राने जाणल्याचा दावा केला नाही, ते तुम्हाला ठाऊक नसणं हा अल्पविश्वास कसा?

इथे थोडं आपल्या चर्चबद्दलही बोलते. आपल्या जुन्या, प्रस्थापित मंडळ्यांच्या व्यासपीठावरून तुम्ही प्रकटीकरणावर शेवटचं प्रवचन कधी ऐकलंत? सात मंडळ्यांना पत्रं आणि शेवटी नवं यरुशलेम, बाकी मधलं सगळं पाळक सोडून देतात. अवघड आहे हे खरं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याने नव्या कराराच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांवर भाष्य लिहिलं आणि यावर लिहिलं नाही. पण आपण जे पान उघडलं नाही ते तुमच्या मिस्टरांसाठी मोबाइलने उघडलं. एका गंभीर माणसाच्या गंभीर प्रश्नाला पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं. ते उत्तर कच्चं निघालं यात त्यांच्यापेक्षा आपला दोष जास्त आहे, असं माझं मत आहे.

आता शेवटच्या काळाच्या त्या तक्त्याबद्दल. तुम्ही वर्णन केलेला, भिंतीवर चिकटवलेला, बाणांचा तो कागद मला चांगलाच ओळखीचा आहे. मंडळी, म्हणजे खरे विश्वासणारे, अचानक आकाशात उचलली जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधक, मग हजार वर्षांचं राज्य. बघणाऱ्याला वाटतं, हे जसंच्या तसं पवित्र शास्त्रात कुठेतरी लिहिलेलं आहे. तसं एका ठिकाणी ते कुठेच नाही. दानिएलच्या नवव्या अध्यायातली 70 सप्तकं, मत्तय 24, थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आणि प्रकटीकरणाचा तेरावा, असे तुकडे एकत्र शिवून तो बनतो. या रूपात ती शिवण 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या प्लिमथ ब्रदरेन पंथाच्या उपदेशकाने घातली. 1909 मध्ये स्कोफिल्डच्या बायबलमध्ये तीच मांडणी पानाच्या तळाशी टिपांच्या रूपात छापली गेली, आणि वचन कुठे संपलं नि टीप कुठे सुरू झाली, याचं भान वाचकांना हळूहळू राहिलं नाही. ऑगस्टीन या बिशपने पाचव्या शतकातच ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ, असं वाचलं होतं. डार्बीची मांडणी मानणारे भले, प्रामाणिक विश्वासणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते खोटे नाहीत. एवढंच की ते अनेकांतलं एक वाचन आहे आणि वयाने बरंच लहान आहे.

तारखा काढणारेही वेडे नव्हते. अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी वर्षानुवर्षं बायबल घेऊन बसला. दानिएल 8:14 मधले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं असं धरून, इ.स.पू. 457 पासून मोजत तो 1843-44 ला पोचला. अनुयायांनी पुढे 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस नक्की केला. काहींनी शेतातलं उभं पीक काढलंच नाही, कशाला काढायचं? 23 ऑक्टोबरची सकाळ नेहमीसारखी उजाडली. मग 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र उभं राहिलं. मत्तय 24 मधला अंजिराच्या झाडाचा दाखला ('हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही') त्याला लावून 'एक पिढी म्हणजे 40 वर्षं' असा हिशोब झाला आणि 1988 उगवलं, मावळलं. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने 21 मे 2011 सांगितलं, मग 21 ऑक्टोबर. 2012 मध्ये त्याने आपण चुकलो, तारीख सांगणं हे पाप होतं, असं जाहीरपणे कबूल केलं. तेवढा कबुलीचा मोठेपणा बाकीच्या फार थोड्यांनी दाखवला. हे सगळं नवऱ्याला ऐकवू नका. 'ते चुकले, आम्ही नाही' हे उत्तर ठरलेलं आहे.

शिक्क्याचं मात्र जरा सावकाश वाचण्यासारखं आहे, आणि हे तुम्ही दोघांनी मिळून वाचलंत तर उत्तम. प्रकटीकरण 13 मध्ये शिक्का उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे. पान उलटा. 14 व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. सातव्या अध्यायात देवाच्या दासांच्या कपाळावर मुद्रा आहे. आणखी मागे अनुवाद 6 मध्ये देव सांगतो, माझ्या आज्ञा हाताला बांध, डोळ्यांच्या मधोमध लाव. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या यहुदी वाचकाला हात आणि कपाळ म्हटल्यावर हेच आठवणार: तू कोणाचा, आणि तुझे हात कोणाचं काम करतात? ज्या पर्गम आणि थुवतीरा गावांतल्या विश्वासणाऱ्यांना हे पुस्तक पाठवलं होतं, तिथे कारागिरांच्या संघांच्या जेवणावळी देवळांशी जोडलेल्या असत, आणि कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, पूजा हा नगराचा रिवाज होता. त्यापासून दूर राहणाऱ्याचा धंदा बसायचा. खरेदी-विक्री बंद होण्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. 666 ही संख्या 'नीरो कैसर' या नावाच्या हिब्रू अक्षरांच्या बेरजेशी जुळते असं बरेच अभ्यासक मानतात. काही प्राचीन हस्तलिखितांत 616 आहे, तीही त्याच नावाच्या दुसऱ्या लेखनाशी जुळते. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपने तेव्हाच लिहून ठेवलंय की या संख्येवरून नावं काढत बसण्यापेक्षा वाट पाहणं बरं. अठराशे वर्षांत आपण ऐकलं नाही. आधी बारकोड, मग आधार, मग लस. पुढच्या वर्षी आणखी काही येईल.

या सगळ्यात एक गंमत अशी होते की लस टोचून घेतली की नाही यावर तासन्‌तास चर्चा होते, पण प्रकटीकरण 18 मधली व्यापाऱ्यांची मालाची यादी कोणी वाचत नाही. सोनं, चांदी, मोती, तलम कापड, दालचिनी, द्राक्षारस, गहू, गुरं, घोडे, आणि यादीच्या अगदी शेवटी माणसं. त्या यादीत आपल्या कारखान्यातला कंत्राटी कामगार कुठे बसतो, हा प्रश्न तुमच्या सुपरवायझर नवऱ्याला आधार कार्डापेक्षा जास्त जवळचा आहे.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते. मोठे दीर 2021 मध्ये गेले. ते दिवस आठवा: दफनाला मोजकी माणसं, पेटी बंद, घरी बसून प्रार्थना. तुमच्या मिस्टरांना भावाचा चेहरा तरी बघायला मिळाला होता का? मंडळी उचलली जाण्याचं जे वचन गटात सारखं वाचलं जातं, ते पौलाने कशासाठी लिहिलं ते बघा. थेस्सलनीकात काही विश्वासणारे मरण पावले होते. मागे राहिलेल्यांना घोर लागला होता की प्रभू येईल तेव्हा आपली गेलेली माणसं हुकणार तर नाहीत? पौल म्हणतो, नाही, तेच आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर. आणि लगेच पुढे सांगतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. भावाच्या दुःखात असलेल्या माणसासाठीच लिहिलेला तो मजकूर आहे. गटाने त्यातलं सांत्वन काढून घेऊन वेळापत्रक हातात दिलं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर शिक्क्यावर आणि युद्धावर बोललेच नसते. एखाद्या संध्याकाळी विचारलं असतं: तुम्हाला भाऊंना भेटायची ओढ लागलीय का? उत्तर येईल की नाही, कोण जाणे. पण 'किती वर्षं उरली' यावर तुम्ही कितीही बोललात तरी तो विषय निघणार नाही.

त्याच थेस्सलनीकात पुढे काय झालं तेही ठाऊक असू द्या. दुसऱ्या पत्रात पौलाला लिहावं लागलं की प्रभूचा दिवस आलाच आहे असं कोणी सांगितलं तर इतक्यात डळमळू नका. त्याच पत्रात पुढे तो काम सोडून बसलेल्यांना दटावतो: जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. दोन्ही गोष्टींचा संबंध पौलाने स्वतः जोडलेला नाही, पण मला तो दिसतो. तुमचे मिस्टर कामावर जाताहेत, ड्यूटी चुकवत नाहीत, ही जमेची बाजू धरा.

वाद घालू नका म्हणते, तर मग करायचं काय? यिर्मयाचे 28 आणि 32 हे दोन अध्याय वाचा. 28 मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, सगळे घरी येतील. यिर्मयाला माहीत आहे की हे खरं नाही. तो काय म्हणतो? 'आमेन, परमेश्वर असंच करो.' त्यापुढे तो एवढंच जोडतो की शांतीचं भाकीत करणाऱ्याचा शब्द प्रत्यक्षात आला म्हणजे कळेल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्या काढून मोडून टाकतो. यिर्मया तिथून निघून जातो. कडक शब्द नंतर येतात, पण त्या क्षणी तो भांडत नाही. 'प्रभू लवकर येणार' म्हटल्यावर तुम्हीही मनापासून आमेन म्हणू शकता, त्यात खोटं काहीच नाही. आणि मग उठून एलआयसीच्या ऑफिसात जाऊ शकता.

32 व्या अध्यायात तर शहराला वेढा पडलेला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि नगर पडणार हे त्यानेच सांगितलेलं आहे. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. आणि तो घेतो! 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. शेवट जवळ आलाय यावर त्या नगरात यिर्मयाइतका विश्वास दुसऱ्या कोणाचाच नसेल. त्याने तरीही कागदपत्र नीट केलं.

लांब कशाला जायचं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन या संस्थेत 1905 मध्ये जागृती झाली तेव्हा रात्रंदिवस प्रार्थना चालत होत्या. त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुली लिहा-वाचायला आणि छापखान्यात काम करायला शिकत होत्या, आणि पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलच्या भाषांतराला लागल्या होत्या. ते काम 1922 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. तुमच्या मिस्टरांच्या मनात रमाबाईंबद्दल आदर असेलच, आपल्या लोकांत तो असतो. हे त्यांच्याशी बोलता येईल.

मुलीबद्दल उशीर करू नका. 'असं काही नसतं गं' म्हणून तिची समजूत घालू नका, कारण तिच्यासाठी ते असतं, आणि आईवर अविश्वास ठेवायचा की बापावर, असा पेच तिच्यापुढे उभा राहतो. तिला स्पष्ट सांगा की आईबापाला सोडून जायची भीती घालणं हे येशूचं काम नव्हे. त्याने शिष्यांना सांगितलं होतं, मी तुम्हाला अनाथ सोडणार नाही. घरातून बाहेर जाताना चिठ्ठी किंवा मेसेज ठेवायची सवय लावून घ्या. सगळ्यांनी, मिस्टरांनीही. त्यांना याचं कारण सांगा. मुलगी घाबरते हे त्यांना ठाऊक आहे का, ते तुमच्या पत्रावरून कळत नाही. झोप मोडत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल तर समुपदेशकाला दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. प्रार्थना आणि समुपदेशक यांत एकच निवडायचं नसतं.

गटाबद्दल. नवऱ्याला तिथून ओढून काढायचा प्रयत्न करू नका, पण एकदा स्वतः जाऊन बसा. प्रमुखांना शांतपणे विचारा: हिशोब कोण ठेवतं, कोणाला बघायला मिळतो? तुमची स्वतःची घरं, जमिनी, मुलांची शिक्षणं यांचं तुम्ही काय केलंत? बिरुयाचे लोक पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासून बघत होते आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची त्याबद्दल वाखाणणी केलेली आहे, तेव्हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. प्लॉटचे पैसे द्यावेच लागतील असं कोणी सुचवलं तर त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय काढा. तिथे हनन्या (यिर्मयातला नव्हे, दुसरा) आणि त्याची बायको सप्पीरा जमीन विकून काही पैसे लपवतात, तेव्हा पेत्र हनन्याला म्हणतो, ती मालमत्ता विकण्याआधी तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. त्यांचा गुन्हा खोटं बोलण्याचा होता, पैसे मागे ठेवण्याचा नव्हता. तुमच्या पाळकसाहेबांनाही सोबत घ्या, मात्र ते मिस्टरांना चारचौघांत झापणार नाहीत एवढी खात्री करून.

आता पैशांचं. श्रद्धा बदलायची वाट बघत व्यवहार थांबवायचं कारण नाही.

प्लॉट अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल, मृत्युपत्र नसेल आणि वाटणी झालेली नसेल, तर तो एकट्या तुमच्या मिस्टरांचा नाही. गेलेल्या दिरांच्या वाट्यावर त्यांच्या मुलांचा, आणि सासरे दिरांच्या आधी गेले असतील तर तुमच्या जावेचाही हक्क आहे. सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय पूर्ण प्लॉट विकता येणार नाही. जावेला आजच फोन करा, तिला याची कुणकुण तरी आहे का बघा. नुसता मिस्टरांच्याच नावावर असेल तर मात्र कायद्याने तुम्ही फारसं अडवू शकणार नाही, कारण आपल्याकडे हिंदू कायद्यासारखा वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क नसतो. अशा वेळी एक वर्ष थांबा, एवढंच मागा. थांबल्याने देवाचं काही अडत नाही, हे तेही मान्य करतील.

एलआयसीची बंद पडलेली पॉलिसी सहसा पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत व्याज भरून पुन्हा चालू करता येते. कधी-कधी तब्येतीचे कागद मागतात. एजंटकडून नेमका आकडा घ्या आणि तुमच्या पगारातून भरता येतो का बघा.

आणि कर्ज. मुलगी सज्ञान असेल तर कर्जदार तीच असते, सहकर्जदार म्हणून बापाचीच सही लागते असं नाही. पगारदार आई चालते. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीच्या योजनेत तारण लागत नाही, आणि हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. मधल्या काळातलं व्याज चढतं तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, मुलीची बारावीची आणि सीईटीची मार्कलिस्ट घेऊन प्रवेशाची यादी लागायच्या आत बँकेत जाऊन या. मिस्टरांना आदल्या दिवशी सांगा की मी जातेय, तुमची सही मागत नाही. लपवून काही करू नका.